सुपें व इंदापूर परगण्यांतील देव, मान आणि वतन

(१) प्रास्ताविक

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय भागांत, भीमा व नीरा ह्या दोन नद्यांच्या मध्यें जो मुलूख आहे, तो आज बारामती व इंदापूर ह्या दोन तालुक्यांत विभागलेला आहे. जुन्या कागदांत ह्यांतील बराच भाग परगणे सुपें व परगणे इंदापूर ह्या नांवांनीं येतो. कऱ्हा नदी मोरगांवच्या मयूरेश्वराजवळून वाहत बारामतीस येते व पुढें नीरेस मिळते. नीरा नरसिंहपुरास लक्ष्मीनृसिंहाच्या देवळाखालीं भीमेस मिळते. आणि भीमा तेथून पंढरपुरास विठोबाच्या दारीं जाते. पाऊसमान कमी, दुष्काळ वरचेवर आणि लष्करांचा राबता नेहमींचा, असा हा प्रदेश. निजामशाही, आदिलशाही, मोंगलाई, मराठी राज्य व इंग्रजी अंमल इतक्या राजवटी येथील रयतेनें पाहिल्या. मालोजी राजे भोसले ह्यांस इंदापुरास लढाईंत मृत्यु आला, असें परमानंदाच्या शिवभारतांत सांगितलें आहे. पुढें हे परगणे शहाजी राजांच्या मोकाशांत आले, आणि सुप्याचें ठाणें शिवाजी महाराजांनीं आपले सावत्र मामा संभाजी मोहिते ह्यांजकडून १६५६ सालीं काढून घेतलें.

राज्यें अशीं बदलत असतां गांवचा पाटील, कुलकर्णी, जोशी, गुरव, परीट व महार ह्यांचे हक्क मात्र बहुधा जेथल्या तेथें राहिले. नवा अंमलदार येई, जुनी सनद पाही, आणि 'पूर्वापार चालत आलें तसें चालवावें' एवढेंच लिहून देई. ह्यावरून पुष्कळांचा असा समज झाला आहे कीं, हक्काचें मूळ सनदेंत आहे. आणि म्हणून संग्राहकांची सगळी धांव मोहोर-शिक्क्याच्या कागदाकडे असते. प्रस्तुत लेखाचें म्हणणें निराळें आहे. सनद ही हक्काची नोंद आहे, उगम नव्हे. ह्या परगण्यांत उगम पाहावयाचा तर तो देवापुढील अनुक्रमांत पाहावा लागतो. उत्सवांत अगोदर कोण व मागाहून कोण, आंत कोण व बाहेर कोण, हें ज्या ठिकाणीं दरसाल सर्वांच्या डोळ्यांदेखत ठरतें, तेथें माणसाची ओळख ठरते व अधिकारही ठरतो. ह्या अनुक्रमास आपल्या भाषेंत 'मान' असा शब्द आहे. मानास उत्पन्नाची जोड मिळून तो कागदावर चढला म्हणजे त्याचें 'वतन' होतें. कागद नसलेला मानही असतो, व तो कधीं कधीं कागदाच्या मानापेक्षां अधिक टिकतो. मोरगांव, बारामती, नरसिंहपूर व देहूकरांच्या पालखीची वाट, ह्या चार ठिकाणांवरून ही गोष्ट दाखवावयाची आहे.

(२) वतनाचे साक्षी

वतनाचा तंटा पडला म्हणजे तो गोतापुढें जाई. गोतसभेंत देशमुख, देशपांडे, आसपासच्या गांवांचे पाटील-कुलकर्णी व बलुतेदार बसत. दोन्ही पक्षांचे करीने ऐकून घेतले जात आणि निवाड्याचा महजर होई. महजराच्या शेवटीं लिहितां न येणाऱ्यांच्या निशाण्या असतात. पाटलाची निशाणी नांगर, आणि बलुतेदारांची ज्याच्या त्याच्या धंद्याच्या हत्याराची. ह्या निशाण्या केवळ अंगठ्याच्या ठिकाणीं आलेल्या नाहींत. आपण गांवांत कोण, ह्या प्रश्नाचें तें एका आकृतींत दिलेलें उत्तर आहे.

साक्षी-पुराव्यानें निकाल न लागला तर दिव्य होई. कढत तेला-तुपांतून धातूचा तुकडा काढणें हें रवादिव्य. तापलेलें लोखंड हातीं घेणें हें अग्निदिव्य. ह्याहून सौम्य प्रकार म्हणजे नदीच्या पात्रांत उभें राहून, अथवा देवळांत बेलभंडार उचलून, पूर्वजांस स्मरून बोलणें. दिव्य राजाज्ञेनें झालें तरी निवाडा देवानें केला, असेंच उभयपक्षीं मानलें जाई. इनामपत्राच्या अखेरीस येणारी शपथही ह्याच जातीची आहे. हें दान जो मोडील तो हिंदु असल्यास त्यास गाईची आण, मुसलमान असल्यास सुकराची, अशी भाषा तींत असते. राज्य करणारा कोणत्याही धर्माचा असो, त्याला बांधणारें बंधन त्याच्याच धर्मांतून घेतलें आहे. इंदापुरास चांदशहावलीचा व सुप्यास शहामनसुराचा दर्गा आहे. मालोजी राजांनीं अहमदनगरच्या शहाशरीफ पिरास नवस करून झालेल्या मुलांचीं नांवें शहाजी व शरीफजी ठेवलीं, अशी परंपरा आहे. देवाची साक्ष घेतांना ह्या मुलुखानें पिराची साक्ष वगळली नाहीं.

पाटीलकीचीं खरेदीखतें अथवा भावांभावांमधील वांटणीचीं पत्रें पाहिलीं म्हणजे मुख्य गोष्ट ध्यानांत येते. पाटीलकीचा निमा भाग विकला तर जमिनीची व हक्कांची वांटणी दोन-चार ओळींत संपते. मानपानाची यादी मात्र लांबत जाते. पोळ्याच्या दिवशीं कोणाचा बैल पुढें चालावा, होळीची पोळी कोणीं आधीं टाकावी, दसऱ्याच्या सीमोल्लंघनास कोणीं आधीं निघावें, वाजंत्री अगोदर कोणाच्या दारीं वाजवावी, टिळा व विडा अगोदर कोणास, कागदावर नांगर अगोदर कोणाचा, हें सगळें कलमवार लिहिलेलें असतें. व्यवहारी माणसास हें हास्यास्पद वाटेल. परंतु ज्याचा बैल पोळ्यास पुढें चालला त्याचाच नांगर महजरावर वर उमटला, आणि ज्याचा नांगर वर त्याचीच साक्ष वजनदार ठरली, ही साखळी एकदां दिसली म्हणजे यादीच्या लांबीचें कारण कळतें. बैलाच्या पाठीमागें सबंध घराण्याचा अधिकार चालत होता.

(३) मोरगांव : वंशांत उतरलेला देव

मानाचें वतनांत रूपांतर कसें होतें, ह्याचें सर्वांत मोठें उदाहरण मोरगांवच्या मयूरेश्वरापासून निघालें आहे. मोरगांव हें गाणपत्यांचें आद्यपीठ. देवळाभोंवतीं उंच तट, चारी कोंपऱ्यांस मनोरे, आणि गणपतीच्या समोर नंदी, असा तेथील अपूर्व प्रकार यात्रेकरूंच्या परिचयाचा आहे. एका परंपरेप्रमाणें बेदराकडून आलेल्या दांपत्यास मयूरेश्वराच्या कृपेनें पुत्र झाला, तो मोरया गोसावी. त्यानें पुढें चिंचवडास वास केला; तेथून तो वारीस मोरगांवीं येई. एका वारीच्या वेळीं कऱ्हेच्या पात्रांत स्नान करितांना त्याच्या ओंजळींत मूर्ति आली, आणि देवच आपल्या घरीं येत आहे असा त्याला दृष्टांत झाला. ती मूर्ति त्यानें चिंचवडास स्थापिली व शेवटीं पवनेच्या कांठीं जिवंत समाधि घेतली. समाधीचें वर्ष परंपरा शके १४८३ (इ. स. १५६१) असें सांगते, काळाविषयीं संशोधकांत मतभेद आहेत.

ह्या कथेंतील भक्तिभाव क्षणभर बाजूस ठेवून तिची रचना पाहावी. देव कऱ्हेचा, घर पवनेचें. मूर्ति हातीं आल्यामुळें चिंचवडच्या घराण्यास स्वतंत्र पीठ मिळालें. पण ती मूर्ति मोरगांवच्या पाण्यांतील असल्यामुळें मूळ स्थानाशीं नातें तुटलें नाहीं. म्हणून भाद्रपदांत व माघांत चिंचवडची पालखी मोरगांवीं येते. ह्या दोन यात्रा म्हणजे दरसाल नव्यानें होणारा महजरच होय. आमचा अधिकार कोठून आला, हें घराणें देवापुढें जाऊन सांगतें, व वाटेवरचीं गांवें त्यास साक्ष राहतात.

मोरयाचा पुत्र चिंतामणि ह्यापासून घराण्यास 'देव' हें उपनांव पडलें. तुकारामबोवांनींच चिंतामणीस देव म्हटलें, अशी आख्यायिका आहे. मोरयासह सात पिढ्यांपर्यंत गणपतीचा अंश ह्या वंशांत उतरतो, अशी श्रद्धा होती. सातवा पुरुष १८१० सालीं वारल्यावर ती परंपरा पूर्ण झाली असें मानण्यांत आलें. क्याप्टन एडवर्ड मूर ह्यानें १८०० सालीं चिंचवडास जाऊन, वंशपरंपरेनें चालणाऱ्या ह्या जिवंत देवाचें वर्णन लिहिलें व तें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनमालेच्या सातव्या भागांत १८०१ सालीं प्रसिद्ध झालें. परक्या माणसास ह्यांत केवळ नवल दिसलें. पण वंशांत देव उतरतो असें एकदां मान्य झालें म्हणजे इनामाचा वारस कोण व पूजेचा अधिकारी कोण, हे दोन प्रश्न एकच होऊन बसतात. मुसलमानी पातशाह्यांनीं, छत्रपतींनीं व पेशव्यांनीं ह्या संस्थानास इनामें दिलीं व चालविलीं. औरंगजेबानेंही गांवें दिल्याची कथा संस्थानाच्या परंपरेंत आहे. परस्परांचे वैरी असलेल्या राजांनीं एकाच गादीस सनदा द्याव्यात, ह्याचें कारण उघड आहे. गादी नवी नव्हती. प्रत्येक नव्या राजास मात्र जुन्या मानास मान देऊन आपली राजवट जुनी करून घ्यावयाची होती. सनदेनें गादीस जितकें दिलें, तितकेंच गादीनें सनद देणारास दिलें.

ह्यास दुसरी बाजूही आहे. देव घराण्यांत आला, त्याबरोबर भाऊबंदकी देवांत आली. वारसा, वांटणी व कारभार ह्यांचे तंटे सरकारापुढें जाऊं लागले, आणि प्रत्येक तंट्याबरोबर सरकारचा हात देवळांत अधिक शिरूं लागला. मानाचें वतन झाल्यानें त्यास स्थैर्य आलें. पण त्याबरोबर तें फिर्यादीचा विषयही झालें.

(४) बारामती व नरसिंहपूर : संपत्तीस मिळालेलें पावित्र्य

बारामतीच्या नाईकांचें घराणें मूळचें सावकारीचें. सदाशिव महादेव जोशी ऊर्फ बाबूजी नाईक ह्यांचे पेशव्यांशीं दुहेरी संबंध होते. थोरल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई नाईकांच्या बंधूस, आबाजीस, दिली होती. आणि बाजीराव नाईकांचा कर्जदार होता. १७४० सालीं बाजीराव वारल्यावर रघूजी भोसल्यांनीं पेशवाईसाठीं बाबूजी नाईकांचें नांव पुढें केलें. परंतु शाहू महाराजांनीं वस्त्रें बाळाजी बाजीरावास दिलीं. पैशानें पेशवाई मिळाली नाहीं. आज नाईकांचें नांव इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज जें लोकांच्या तोंडीं आहे, तें सावकारीमुळें तर मुळींच नाहीं. तें मोरोपंतांमुळें आहे.

मोरेश्वर रामचंद्र पराडकर ऊर्फ मोरोपंत ह्यांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळगडास झाला. तेथें केशव व गणेश पाध्ये ह्यांजपाशीं त्यांचें अध्ययन झालें. पुढें ते बारामतीस नाईकांच्या आश्रयास आले, पुराणिक म्हणून राहिले, आणि १७९४ सालीं तेथेंच वारले. कऱ्हेच्या कांठच्या ह्या गांवीं बसून त्यांनीं आर्याबद्ध भारत रचलें, रामायणें शंभराहून अधिक प्रकारांनीं लिहिलीं, व अखेरीस केकावली केली. पुराणिकाचें काम केवळ पोथी वाचण्याचें नसे. तो जेव्हां वाड्यांत पुराण सांगे, तेव्हां यजमान श्रोत्यांच्या अग्रभागीं बसे, व गांव त्याच्या मागें बसे. व्याजबट्ट्यानें मिळविलेल्या संपत्तीस धर्मकार्याचें रूप येई तें त्या बैठकींत. नाईकांस पुराणिक हवा होता, पंतांस आश्रय. आणि दोघांस मिळून बारामतीस तें स्थान देतां आलें कीं, जें तीर्थमाहात्म्यानें तिला मिळालेलें नव्हतें.

येथें एक विशेष सांगितला पाहिजे. मोरोपंतांची सन्मणिमाला ही संतांच्या नांवांची माळ आहे, व तींत निरनिराळ्या जातींच्या संतांस वंदन आहे. वाड्याच्या ओसरीवर बसण्याचा क्रम जातीप्रमाणें होता. पोथींतील वंदनाचा क्रम भक्तीप्रमाणें होता. एकाच छपराखालीं दोन अनुक्रम नांदत होते, आणि पुराणिकास दोन्ही सांभाळावे लागत होते.

नरसिंहपुरास हीच गोष्ट सरदाराच्या बाबतींत दिसते. नीरा-भीमा संगमावरील लक्ष्मीनृसिंहाचें देऊळ अठराव्या शतकांत विंचूरकर घराण्याचे मूळ पुरुष विठ्ठल शिवदेव ह्यांनीं बांधलें. विंचूरकरांची जहागीर नाशिककडे, दौलत घोड्यांच्या टापांवर मिळविलेली, आणि कुलदैवत मात्र भीमातीरीं. नवी जहागीर मिळविणाऱ्या पुरुषास जुनें कूळ हवें असतें. तरवारीनें प्रदेश मिळतो; कुलीनपणा मिळावयाचा तर कुलस्वामीच्या शिखरावर आपल्या नांवाचा कळस असावा लागतो. अठराव्या शतकांत महाराष्ट्रांत जीं इतकीं देवळें व घाट झाले, त्यांत भक्तीबरोबर ह्या गरजेचाही वांटा आहे. देऊळ बांधणाऱ्याचा मान देवळाच्या मागोमाग पिढ्यान्‌पिढ्या चाले. जहागिरी गेल्या तरी तो गेला नाहीं.

(५) पालखीची वाट : कागदावांचून चाललेला मान

येथवर सांगितलेले अधिकार सनद, जहागीर अथवा सावकारी ह्यांच्या आधारानें उभे होते. आतां असा अधिकार पाहावयाचा कीं, ज्यास कागदाचा आधार नाहीं. देहूहून निघालेली तुकारामबोवांची पालखी आषाढी वारीस बारामतीस येते. तेथून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगांव केतकी, इंदापूर अशी सराटीपर्यंत जाते व नीरा ओलांडून अकलुजास उतरते. पालखीची ही प्रथा तुकारामबोवांचे पुत्र नारायणबोवा ह्यांनीं शके १६०७ (इ. स. १६८५) मध्यें सुरू केली, असें देहूकरांची परंपरा सांगते. आरंभीं ज्ञानेश्वरांच्या व तुकोबांच्या पादुका एकाच पालखींत असत. पुढें देहूकरांच्या घरांत वाद उत्पन्न झाले. तेव्हां सातारा भागांतील आरफळचे हैबतराव बाबा, जे पूर्वीं शिंद्यांच्या पदरीं होते, त्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आळंदीचा सोहळा निराळा केला व अंकलीच्या शितोळे सरदारांनीं त्यास घोडे व तंबू पुरविले. फौजेंत राहिलेल्या माणसाची शिस्त त्या सोहळ्याच्या दिंड्यांच्या क्रमांत अद्याप दिसते. मान घराण्याच्या मालकीचा झाला कीं तंटा उत्पन्न होतो, हें मोरगांव-चिंचवडप्रमाणें येथेंही खरें ठरलें.

परंतु वाटेवरच्या गांवांचा मान निराळा आहे. काटेवाडीस पालखी आली म्हणजे परीट मंडळी तिच्या वाटेवर धुतलेल्या धोतरांच्या पायघड्या घालतात. नंतर मेंढ्यांचा कळप पालखीभोंवतीं धांवतो व मेंढ्यांचें रिंगण होतें. बेलवाडीस गोल रिंगण होतें व इंदापुरासही होतें. त्यांत पताकावाले, डोईवर तुळस घेतलेल्या बायका, विणेकरी व शेवटीं अश्व धांवतात. परटाचा धंदा गांवचीं मळलेलीं वस्त्रें धुण्याचा. त्यामुळें जातीच्या उतरंडींत त्याची जागा खालची धरली गेली. पण पालखीच्या पुढें हेंच वस्त्र पायघडी होतें, आणि तें अंथरण्याचा मान गांवांतील कोणत्याही मातबरास मिळत नाहीं. मेंढपाळ वर्षाचे आठ महिने रानोमाळ हिंडतो. ज्यास गांवांत घर थोडें व शेत त्याहून थोडें, त्याचा कळप त्या दिवशीं देवास प्रदक्षिणा घालतो. ह्या मानाची सनद नाहीं, त्यास इनाम जमीन नाहीं. तो पाहणाऱ्या हजारोंच्या साक्षीनें चालतो, एवढाच त्याचा आधार.

आणि तो आधार कच्चा नाहीं. २०२० व २०२१ सालीं साथीमुळें पायवारी झाली नाहीं, पादुका एस. टी.च्या गाडीनें पंढरपुरास नेण्यांत आल्या. त्या दोन वर्षीं वाटेवरच्या पायघड्या व रिंगणें राहिलीं. २०२२ सालीं पायवारी पुन्हां सुरू झाली, तेव्हां वाटेवरचे मान आपापल्या जागीं परत आले. कोणास दप्तर उघडावें लागलें नाहीं.

ही पालखी तुकारामबोवांची असावी, ह्यांत एक मोठा अर्थ आहे. देहूच्या पेठेची महाजनकी त्यांच्या घरांत होती. म्हणजे ते स्वतः वतनदार. दुष्काळानंतर त्यांनीं लोकांकडील येण्याचीं खतें इंद्रायणींत सोडलीं, अशी परंपरा आहे. त्यांच्या अभंगांच्या वह्याही त्याच डोहांत बुडविल्या गेल्या व वर आल्या, असेंही सांगतात. ज्या पुरुषानें आपल्या हक्काचे कागद स्वतःच्या हातांनीं पाण्यांत सोडले, त्याच्या पादुकांपुढें कागद नसलेल्यांस मान मिळाला, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें.

(६) गांवकुसाबाहेरची साक्ष

मानाचें एवढें वर्णन करून थांबलें तर तें अर्धें सत्य होईल. मान म्हणजे अनुक्रम. आणि अनुक्रमास जसें पहिलें टोंक असतें तसें शेवटचें असतें, व त्याच्याही पलीकडे सीमारेषा असते. महार हा गांवचा वतनदार होता. शिवेचा वाद पडला म्हणजे शीव चालून दाखविण्याचें काम त्याचें, आणि त्या बाबतींत त्याचा शब्द पाटलाच्या शब्दाइतकाच, किंबहुना अधिक, वजनदार असे. ज्याच्या साक्षीवांचून गांवाची शीव ठरत नसे, त्यास त्याच गांवच्या देवळाची पायरी चढतां येत नसे. एकाच देवास स्मरून दिलेली त्याची साक्ष आंत चालत असे, तो स्वतः मात्र बाहेर राही.

महार आपल्या वतनाचे बावन्न हक्क सांगतात, व ते बेदरच्या पातशहानें दिले असें त्यांच्या परंपरेंत आहे. त्याचें कारण म्हणून अमृतनाक नांवाच्या इमानी सेवकाची कथा सांगतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही बेदराशींच जोडलेली आहे. दुष्काळांत सरकारी धान्य लोकांस वांटल्याबद्दल पंत संकटांत सांपडले, तेव्हां विठोबा विठू महाराच्या रूपानें बेदरास गेला व त्यानें भरणा केला. पातशाही दरबारांत भरणा घेऊन जाण्यास देवानें महाराचें रूप घेतलें, ही गोष्ट साधी नाहीं. ज्यांच्याजवळ मोहोरबंद कागद नव्हता, त्यांनीं कथेसच सनद केलें. आणि ती सनद अशी कीं, तिजवर साक्ष खुद्द विठोबाची.

पण कथेनें दार उघडलें नाहीं. पंढरीस महाद्वारापुढें चोखोबांची समाधि आहे, ती दाराच्या बाहेर. विठ्ठलाचें देऊळ अस्पृश्य मानलेल्यांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनीं १९४७ सालच्या मे महिन्यांत पंढरपुरास दहा दिवस उपोषण केलें, तेव्हां दार उघडण्याचा निर्णय झाला. वतनाविषयीं डॉक्टर आंबेडकरांचें मत तर त्याहूनही मूलगामी होतें. १९२८ सालीं त्यांनीं मुंबई कायदे कौन्सिलांत महार वतनासंबंधीं बिल आणलें. अपुऱ्या बलुत्यावर अहोरात्र सरकारचाकरी लादणारें वतन हा मान नसून दास्य आहे, असा त्यांचा मुद्दा होता. ज्यास मान म्हणतात त्याचा भार कोण वाहतो, हा प्रश्न त्यांनीं प्रथमच सरकारी कागदावर आणला. देव आणि वतन ह्यांच्या सांगडीचा इतिहास लिहितांना हा प्रश्न टाळतां येणार नाहीं.

(७) वतन गेलें, मान राहिला

इंग्रजी अंमलांत ह्या सर्व हक्कांची मोजदाद झाली. गोल्डस्मिड व विंगेट ह्यांच्या जमीनपाहणीची नवी पद्धत प्रथम इंदापूर तालुक्यांतच १८३६ च्या सुमारास अमलांत आली व पुढें मुंबई इलाख्यांत पसरली. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हां घरोघरचीं दप्तरें बाहेर निघालीं. आज आपल्या संग्रहांत असलेल्या पुष्कळ नकला त्या चौकशीमुळें झालेल्या आहेत. शेत मोजलें गेलें, इनाम तपासलें गेलें; पोळ्याच्या बैलाचा क्रम मात्र कोणत्याही खानेसुमारींत आला नाहीं. स्वातंत्र्यानंतर परगणा व कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें, महारांसारख्या कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें १९५८ च्या कायद्यानें, आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें संपली. पंढरपुरांतील बडवे व उत्पात ह्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्यानें काढण्यांत आले, व सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ मधील निर्णयानें त्यावर शेवटचा शिक्का बसला.

ह्याप्रमाणें सनदेचा अधिकार गेला. पण चिंचवडची पालखी मोरगांवास येतेच. काटेवाडीच्या पायघड्या पडतातच. यात्रेच्या वेळीं पहिला नारळ कोणाचा, ह्यावरून गांवोगांव अजून विचार होतो, प्रसंगीं तंटेही होतात. वतन हें मूळ व मान ही त्याची शोभा असती, तर मूळ तुटल्यावर शोभा वाळून जावयास पाहिजे होती. तसें झालें नाहीं, ह्यावरून मूळ कोणतें हें सिद्ध होतें.

ह्यांतून संशोधकांच्या वांट्यास एक काम येतें. आपले संग्रह सनदांनीं, फर्मानांनीं व वंशावळींनीं भरले आहेत. ते ज्यांनीं जपले, त्यांचाच इतिहास त्यांतून निघतो. मानपानाच्या याद्या, वांटणीपत्रें, उत्सवाच्या खर्चाचीं टिपणें, गुरवांच्या पाळ्यांचे करार, दिंड्यांच्या वह्या हे कागद रद्दींत जातात, कारण त्यांवर मोहोर नसते. ह्या दोन तालुक्यांत तर घाई विशेष आहे. १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखालीं भीमाकांठचीं गांवें गेलीं; पळसदेवचें जुनें देऊळ पाणी ओसरलें म्हणजेच दिसतें. देऊळ वर्षाआड का होईना वर येतें. उठलेल्या गांवाचा पोळ्याचा क्रम वर येत नाहीं. नव्या गांवठाणांत वाडे पुन्हां बांधले गेले, पण कोणाच्या दारावरून मिरवणूक आधीं जात असे, हें जाणणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. तेव्हां जुने कागद गोळा करतांना त्या माणसांपाशीं बसून गांववार मानाचा क्रम लिहून घ्यावा. त्यांत परटाचा, धनगराचा व महाराचा जबाब पाटलाच्या जबाबाबरोबर, एकाच महजरांत, ज्याच्या त्याच्या निशाणीसह नोंदावा. गोतसभेची रीत हीच होती, आणि ह्या मुलुखाचा इतिहास लिहिण्यासही तीच योग्य आहे.